माहेरचा उंबरठा आणि समाजाचे कर्तव्य

(शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्ञातिबांधवांच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. परीक्षांत उत्तम यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार झाला, वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल वाचला गेला, शिष्यवृत्ती निधीत नव्या देणग्यांची भर पडली. अशा प्रसंगी स्त्रियांवर घरात आणि घराबाहेर होणाऱ्या अत्याचारांचा विषय काढणे काही मंडळींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या व्यासपीठावरून आपण लग्ने जुळवितो, त्याच व्यासपीठावरून त्या लग्नांत पुढे मुलीचे काय होते याची विचारपूस होऊ नये, हे आम्हांस उचित वाटत नाही. मुलगी दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे म्हणण्याइतके आपण कठोर नाही. मात्र आपल्या वागण्याचा अर्थ पुष्कळदा तसाच होतो.

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच स्पष्टपणे मांडतो. मारहाण सोसणारी मुलगी प्रथम पोलीसठाण्यात जात नाही, कचेरीत जात नाही, वकिलाकडेही जात नाही. ती माहेरी येते. माहेरची माणसे गोंधळून समाजातील चार जाणत्या माणसांकडे येतात. म्हणजे सरकारने कितीही कायदे केले, केंद्रे उघडली, तरी त्यांच्याकडे जाणारी वाट आपल्या उंबरठ्यावरून जाते. तो उंबरठा तिला आत घेतो की परत लोटतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून या कामी आपल्या मंडळाने काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे दोन्ही आज ठरविले पाहिजे.

हा विषय क्वचित घडणाऱ्या प्रकारांचा आहे अशी समजूत असेल तर ती प्रथम दूर करावी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे चारांत एक. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण २१.३ टक्के होते. हे केवळ आपल्याकडचेच दुखणे आहे असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या स्त्रीला आयुष्यात केव्हा ना केव्हा शारीरिक वा लैंगिक हिंसेस तोंड द्यावे लागते. परंतु आम्हांस अधिक बोचणारी गोष्ट निराळी आहे. त्याच राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली; ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कोणाजवळ ब्रही काढला नाही. ज्यांनी मागितली, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया माहेरच्या माणसांकडे गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्याकडे जाणाऱ्या अगदी थोड्या. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही आपली म्हण या मुली किती निष्ठेने पाळतात, आणि त्या मुठीत काय दडलेले असते, हे या आकड्यांवरून कळते.

बंधुभगिनींनो, उंबरठा बंद झाला म्हणजे काय होते आणि कोणी तो उघडला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. पुण्याहून दौंडकडे येताना केडगावचे स्टेशन लागते. आपल्यापैकी कित्येकजण त्या स्टेशनावर रोज चढतात-उतरतात. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन सव्वाशेहून अधिक वर्षे उभे आहे. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणले. विधवा मुलींना आसरा, अक्षरओळख आणि उद्योग मिळावा, हा त्यामागील हेतू होता. त्याच सदनातील गोदूबाई या विद्यार्थिनीशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्या आनंदीबाई या नावाने सहभागी झाल्या, हे सर्वश्रुत आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. उपासमारीने घर सोडलेल्या तरुण मुलींभोवती दुष्ट माणसे कशी घिरट्या घालीत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि शेकडो मुलींना सोबत आणले. पुण्यात प्लेगचे दिवस असल्याने एवढ्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावला शारदासदनाच्या खर्चासाठी म्हणून घेतलेली फळबागेची जमीन कामी आली. प्रथम तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग दगडी इमारती, असे हे गाव उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शिवण, छपाई, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा असे नाना उद्योग या मुली शिकल्या. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय झाली. फसविल्या गेलेल्या आणि म्हणून सर्वांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ हा वेगळा विभाग निघाला. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई निवर्तल्या.

रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शारदासदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु एक प्रश्न प्रत्येक ज्ञातीने स्वतःस विचारण्यासारखा आहे. त्या मुली इतक्या दूर, परक्या माळरानावर, परक्या माणसांच्या आश्रयास का आल्या? त्यांना दुष्काळाने घराबाहेर काढले हे खरे, परंतु त्यांतील अनेकींना घर असून ते बंद झाले होते. ज्ञातीने दार लावले म्हणून परक्यांचे दार ठोठवावे लागले. परक्याने दार उघडले याबद्दल त्याला बोल लावण्यापूर्वी, आपले दार कोणी लावले हे पाहिले पाहिजे.

याहीपूर्वी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, कोणी नाव-गाव विचारणार नाही, मूल ठेवावे वा न्यावे, अशी ती व्यवस्था होती. तेथे आलेल्या बहुसंख्य स्त्रिया फुल्यांच्या ज्ञातीच्या नव्हत्या. तेथे जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. या दोन्ही कार्यांत आजच्या साऱ्या मदतकेंद्रांची मूळ तत्त्वे आली आहेत : निवारा तात्काळ मिळावा, नाव गुप्त राहावे, दोष कोणाचा हे येणाऱ्या बाईला विचारू नये, आणि तिच्या हाताला काम मिळावे, म्हणजे तिला पुन्हा कोणाच्या दयेवर राहावे लागणार नाही. यांपैकी एकही गोष्ट गाळली तर बाकीच्या तीन लुळ्या पडतात.

आता आजची स्थिती पाहू. पुणे शहरात १९८२ मध्ये विवाहित तरुणींच्या संशयास्पद मृत्यूंनी समाजमन ढवळून निघाले. त्यातून विद्याताई बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. ‘बोलते व्हा’ या नावाचे त्यांचे केंद्र प्रसिद्ध आहे. आम्हांस तर ते नावच या साऱ्या विषयाचे सार वाटते. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, पती व सासरच्या माणसांकडून होणारा छळ हा भारतीय दंडसंहितेत गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. मुंबईत १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयातच टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्या शेजारी समाजकार्यकर्ती बसू लागली. ही कल्पना पुढे राज्यात अन्यत्र पोहोचली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. पडले, भाजले, घसरले असे सांगून येणाऱ्या बाईला परिचारिकेने हळूच बाजूला घेऊन खरे विचारावे, ही साधी गोष्ट तेथून इतरत्र गेली.

सर्वांत उपयोगी कायदा घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा. तो २००५ चा असून २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आहे. हा कायदा प्रत्येक घरातील स्त्रीस ठाऊक असला पाहिजे, म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो. हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, खर्चास पैसे न देणे, स्त्रीधन अडकवून ठेवणे, हेही त्यात येते. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण, विधवा भावजय हीदेखील दाद मागू शकते. महिला व बालविकास विभागाने नेमलेला संरक्षण अधिकारी तिची तक्रार लिहून घेतो व दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्यास साहाय्य करतो. अर्जाची पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. पतीने मारू नये, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नये असा संरक्षणाचा आदेश. घराबाहेर काढू नये असा निवासाचा आदेश. खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश, हे सर्व एकाच अर्जावर मिळू शकते. संरक्षणाचा आदेश मोडणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क सून सांगू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ‘हे घर माझ्या बापाचे, नीघ’ असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा अथवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. गुन्हा कोणत्याही हद्दीतील असो, कोणत्याही पोलीसठाण्याने तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे. दौंडचा गुन्हा शिरूरला सांगता येतो, ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. बलात्काराच्या व बालकांवरील अत्याचाराच्या प्रसंगी सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार केलेच पाहिजेत, न केल्यास शिक्षा आहे. अशा पीडितांना अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी राज्य सरकारची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. २०१५ पासून केंद्र सरकारच्या ‘सखी’ केंद्रांतून उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन व तात्पुरता निवारा एकाच छपराखाली देण्याची योजना आहे. १८१ हा स्त्रियांसाठीचा, ११२ हा तातडीचा आणि १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. हे क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत.

इतकी व्यवस्था कागदावर असताना काम का अडते? आपल्या दोन तालुक्यांच्या भूगोलाकडे पाहा. घोडनदीच्या काठचे शिरूर पुणे-नगर रस्त्यावर, भीमेच्या काठचे दौंड रेल्वेवर. मोठी साधने पुण्यास. वस्तीवरच्या मळ्यात रात्री दहा वाजता मार खाल्लेल्या बाईजवळ ना वाहन, ना पैसे, पुष्कळदा मोबाइलसुद्धा नवऱ्याच्या हाती. एका हाताला लहान मूल, दुसऱ्या हाताला कपड्यांची पिशवी, आणि पोलीसठाण्यात पाऊल टाकण्याची जन्मात सवय नाही. न्यायालयाच्या तारखेस रोजंदारी बुडते. दोन-तीन तारखा झाल्या की सोबत येणारा भाऊ कंटाळतो. अशा वेळी कायद्याच्या पुस्तकापेक्षा बरोबर चालणाऱ्या एका खंबीर बाईची गरज अधिक असते. नेमकी तीच गोष्ट सरकार देऊ शकत नाही आणि समाज देऊ शकतो.

परंतु समाज आज काय देतो? समाज ‘बैठक’ देतो. या बैठकीचे स्वरूप सर्वांस परिचित आहे. दोन्हीकडची पाच-दहा पुरुषमंडळी बसतात. चहा होतो. मुलगी आतल्या खोलीत असते. जावई चारचौघांत ‘यापुढे असे होणार नाही’ असे म्हणतो, मुलीस सासूच्या पाया पडावयास लावतात, ‘दिल्या घरी सुखी राहा’ असा आशीर्वाद देतात आणि संध्याकाळच्या आत तिला नांदावयास धाडतात. कागदावर एक ओळ नसते, महिन्याने कोणी जाऊन पाहात नाही, आणि मुलीला तिच्या मनातले एकटीला कोणी विचारलेले नसते. यास आपण समेट म्हणतो. खरे पाहता यात मिटते ते केवळ वडीलधाऱ्यांचे अवघडलेपण. मुलीचे दुःख होते तेथेच राहते. उलट, माहेर आपल्याला परत धाडते हे सासरच्यांना कळल्याने पुढचा मार अधिक निर्धास्तपणे पडतो.

काही संसार थोड्या समजुतीने सावरतात, हे आम्ही अमान्य करीत नाही. भांडण निराळे आणि हिंसा निराळी. भांडणात दोघे बोलतात. हिंसेत एक बोलतो आणि दुसरी भिते. म्हणून काही प्रसंगी बैठक मुळीच बसू नये. गळा दाबला असेल, शस्त्र उगारले असेल, जाळण्याची वा मारून टाकण्याची धमकी दिली असेल, गरोदरपणी मारहाण झाली असेल, तर त्या मुलीचा जीव धोक्यात आहे असे समजावे. विशेषतः गळा दाबण्याचा प्रकार हा पुढील खुनाची पूर्वसूचना असतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. तेथे उपचार, पोलीस आणि सुरक्षित निवारा, हाच क्रम. बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होऊच शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे. अल्पवयीन मुलामुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांस न देणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा प्रकरणी ‘घरातले घरात मिटवा’ असे सांगणारा वडीलधारा स्वतः अपराधी ठरतो.

ज्ञातिसंस्थेच्या अधिकाराची मर्यादाही ध्यानात ठेवावी. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र अधिनियम केला असून तो २०१७ पासून अंमलात आहे. पोलिसांत गेली म्हणून, नवरा सोडला म्हणून, ज्ञातीबाहेर लग्न केले म्हणून एखाद्या स्त्रीस वा तिच्या कुटुंबास वाळीत टाकणे, कार्यास न बोलावण्याचे फर्मान काढणे, यांस तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. आपण न्यायासन नाही. आपण सोयरे आहोत. निवाडा देणे आपले काम नव्हे. साथ देणे हे आपले काम आहे.

आता प्रतिबंधाविषयी थोडे बोलू. मे २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतर हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप झाला आणि सारा महाराष्ट्र हळहळला. घरे सुखवस्तू होती, लग्न थाटाचे होते. त्यानंतर काही ज्ञातिसभांनी साध्या लग्नाच्या आचारसंहिता जाहीर केल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात दिलेल्या भेटींची यादी लिहून तीवर वधूवरांनी सह्या करावयाच्या असतात, हे मात्र कितीजणांस ठाऊक आहे? पुढे स्त्रीधन परत मागताना ही यादीच उपयोगी पडते. आपल्या मंडळाने जुळविलेल्या प्रत्येक लग्नात ती व्हावी.

दुसरी गोष्ट जमिनीची. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथे कारखाने आले आणि आपल्याकडील जमिनीस मोल आले. त्याबरोबर बहिणींच्या हक्कसोडपत्रांची घाईही वाढली. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये, सबंध देशाने २००५ मध्ये दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटची मोहोर उमटविली. तरीही एका साडीचोळीवर बहिणीची सही घेतली जाते. ‘भाऊ तुटेल’ या भीतीने ती सही करते, आणि पुढे सासरी मार बसू लागला की माहेरी येण्याचा तिला धीर होत नाही, कारण तेथे आता तिचे काही नाही. ज्या घरात तिचा वाटा आहे, त्या घराचा उंबरठा तिला परका वाटत नाही. आमच्या मते हिंसेस आळा घालणाऱ्या उपायांत याइतका प्रभावी दुसरा उपाय नाही. हक्कसोड मागणे आपण सोडले, तर अर्धे काम झाले.

तिसरी गोष्ट वयाची. त्याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. दहावीनंतर मुलीचे कॉलेज लांब, रस्त्यावर छेडछाड होते, म्हणून लवकर उजवून टाकतात. म्हणजे रस्त्यावरील टवाळखोराची शिक्षा शिकणाऱ्या मुलीस. त्यापेक्षा दहा पालकांनी मिळून गाडी ठरवावी आणि टवाळखोराच्या बापाच्या दारात जाऊन बसावे. आणि चौथी गोष्ट मुलांची. बहिणीने वाढावे आणि भावाने ताटावर बसून आरडावे, हे ज्या घरात चालते, तेथे पुढचा मारकुटा नवरा तयार होत असतो. मुलगा घरात जे पाहतो तेच उद्या आपल्या संसारात करतो.

कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलींसाठीही एक सूचना. जेथे दहा अथवा अधिक माणसे काम करतात तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यास स्थानिक समिती असते. कंत्राटी कामगार स्त्रीसही तक्रारीचा हक्क आहे. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी. तसेच गळिताच्या हंगामात आपल्या शेतांच्या बांधावर कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोडणीच्या बायका आपल्या ज्ञातीच्या नसतील. पण त्यांचे माहेर शंभर कोसांवर असते, हे आपण विसरू नये. केडगाव आणि पुण्याच्या त्या जुन्या घरांनी जात विचारून दार उघडले नव्हते.

रूढी हलत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाकडे पाहावे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याविषयी परिपत्रक काढले. एका गावाने एका सभेत जे केले, ते आपणांस या सभेत का करता येऊ नये?

म्हणून मंडळापुढे आम्ही पाच सूचना नम्रपणे ठेवतो. एक : शिरूर व दौंड या प्रत्येक तालुक्यात किमान दोन जाणत्या स्त्रिया ‘सोबतीण’ म्हणून नेमाव्यात, त्यांना कायद्याची व समुपदेशनाची रीतसर माहिती द्यावी, आणि पोलीसठाणे, रुग्णालय व न्यायालयात पीडित भगिनीबरोबर जाण्याचा त्यांचा प्रवासखर्च मंडळाने सोसावा. दोन : शिष्यवृत्ती निधीचा एक भाग सासर सोडून आलेल्या मुलीच्या शिक्षणासाठी वा धंदेशिक्षणासाठी राखून ठेवावा, मग तिचे वय काही असो आणि कडेवर मूल असो. तीन : कोणत्याही समजुतीच्या बोलणीपूर्वी मुलीस स्त्रियांनी एकटीस भेटून विचारावे, ती ‘जाणार नाही’ म्हणाली तर तो शब्द अखेरचा मानावा, ती स्वखुषीने गेली तर ठरलेले लिहून घ्यावे आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने व तीन महिन्यांनी तिची प्रत्यक्ष भेट घ्यावी. चार : तिचे नाव व हकीकत मंडळाच्या कोणत्याही बैठकीत वा पुस्तिकेत येऊ नये, आणि हिंसेच्या गुन्ह्यात न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसास मंडळाच्या व्यासपीठावर हार घालू नये. पाच : वधूवर-सूचक मंडळाने नावनोंदणीच्या वेळीच वयाचा दाखला, हुंडा न घेण्याचे लेखी वचन आणि पूर्वी विवाह झाला असल्यास त्याची खरी माहिती घ्यावी.

या सूचनांस फार पैसा लागत नाही. लागतो तो निश्चय, आणि थोडा वाईटपणा घेण्याची तयारी. सोयरिकीत वितुष्ट येईल, कोणी वर्गणी बंद करील, कोणी ‘यांनी घरे मोडली’ असेही म्हणेल. घर मोडते ते पहिला हात उगारला जातो तेव्हा. सोबतीण येते ती मोडलेल्यातून माणूस वाचविण्यास.

शेवटी प्रत्येक आईबापास एक विनंती. मुलीची पाठवणी करताना ‘आता तेच तुझे घर’ असे सांगण्याची चाल आहे. त्यास यापुढे एक वाक्य जोडावे : ‘हेही तुझेच घर आहे, रात्री-अपरात्री केव्हाही ये, आम्ही कारण विचारणार नाही.’ हे वाक्य जावयाच्या आणि व्याह्यांच्या देखत म्हणावे. त्याने कित्येक प्रसंग टळतील आणि जे टळणार नाहीत त्यांतून मुलगी जिवंत परत येईल.

 या सूचनांवर कार्यकारी मंडळाने विचार करावा आणि पुढील संमेलनात त्यांचा अहवाल, वधूवर-सूचक मंडळाच्या अहवालाशेजारी, वाचला जावा, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.